गोळी खाऊन कुत्रा ओकला, म्हणून गोळी फेकू नका

आमच्या वस्तीतला शेरू तसा कोणाच्या मालकीचा नाही. रात्री तो भाजीवाल्या मावशींच्या ओट्यावर निजतो. सकाळी शाळेत जाणाऱ्या पोरांना नाक्यापर्यंत सोडून येतो. रात्रपाळीवरून परतणाऱ्या माणसांना पावलावरून ओळखतो आणि अनोळखी माणूस गल्लीत शिरला की सगळी वस्ती जागी करतो. गेल्या पावसाळ्यात त्याने खाणे सोडले, अंग तापले आणि एके दिवशी नाकातून रक्त आले. पोरांनी घरोघर फिरून वर्गणी काढली. चौदा एप्रिलला वर्गणीची वही घेऊन फिरणारीच ही पोरे, त्यामुळे हिशेब चोख. शेरूला रिक्षात घालून एका खासगी दवाखान्यात नेले. रक्त तपासले, गोचीड ताप निघाला. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. एक ना दोन, अठ्ठावीस दिवसांच्या!

तिसऱ्या दिवशी सकाळी शेरूने मावशींच्या दारात पिवळे पाणी ओकले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पाचव्या दिवशी जुलाब लागले. मग काय, जेवढी तोंडे तेवढी मते. कोणी म्हणाले, औषध उष्ण पडले. कोणी म्हणाले, कुत्र्याला माणसासारख्या गोळ्या कशाला, ते आपले गवत खाऊन बरे होते. एक बाई तर लिंबू-मिरची घेऊन दृष्ट काढायला आल्या. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरासमोर हे चालले होते. सांगायला लाज वाटते, पण लपवून तरी काय उपयोग?

मावशींनी गोळ्या बंद केल्या. दोन दिवसांत ओकारी थांबली, शेरू भाकरी खाऊ लागला. सगळ्यांनी माना डोलावल्या : बघा, औषधच बाधत होते! पण पंधरवडा उलटला नाही तोच ताप फिरून आला. या वेळी शेरूच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्याला उभे राहता येत नव्हते.

दुसऱ्या खेपेला मी मावशींबरोबर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी कशी देत होता?"

मावशी म्हणाल्या, "सकाळी उठल्या-उठल्या द्यायचे साहेब, उपाशीपोटी. आणि दुधातून, म्हणजे कडू लागू नये."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, मायेने दिलीत, पण दोन्ही गोष्टी उलट्या केल्यात."

मावशींचा चेहरा पडला. त्या एवढेच म्हणाल्या, "मला कोणी सांगितलं नाही हो." आणि ते खरे होते. पहिल्या दवाखान्यात चिठ्ठी हातात पडली, पैसे घेतले गेले, पुढच्याला हाक मारली गेली. पाकिटावर सगळे इंग्रजी. मावशींनीही काही विचारले नाही, कारण कोटातल्या माणसाला उलट प्रश्न विचारायची आपल्या माणसांना अजून भीड वाटते.

म्हणून हा लेख. ज्यांच्या घरी किंवा दारात कुत्रे आहे त्यांनी तो वाचून जपून ठेवावा.

काही वाचक म्हणतील, माणसांच्या औषधाला पैसे पुरत नाहीत, तिथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न रास्त आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवे, असे लिहून ठेवले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते आणि आपल्या बापजाद्यांना नव्हते. ती मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच जाळली. पण आपले भांडण कुत्र्याशी कधीच नव्हते, ते माणसाला कुत्र्याहून खाली लेखणाऱ्यांशी होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला बाबासाहेबांचा कुटुंबासोबतचा फोटो पुष्कळांच्या घरात आहे. त्यात रमाई आहेत, यशवंतराव आहेत, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत. जरा निरखून पाहा, त्याच फोटोत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो, ते प्राणिमात्राविषयी आहे. आणि व्यवहाराचेच बोलायचे तर अर्धवट औषधाने दुसऱ्यांदा आजारी पडलेल्या कुत्र्याला दुप्पट खर्च येतो. शेरूच्या बाबतीत तेच झाले. वर्गणीची वही पुन्हा काढावी लागली.

आता मुद्द्याकडे येऊ.

अँटिबायोटिक म्हणजे रोगजंतू मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध. कुत्र्यांना नेहमी दिली जाणारी औषधे पुष्कळशी माणसांचीच आहेत : अमॉक्सिसिलीन, त्यात क्लॅव्हुलॅनिक ॲसिड मिसळलेली गोळी, सेफॅलेक्सिन, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल. एन्रोफ्लॉक्सासिन हे मात्र खास जनावरांचे. या सगळ्यांचा एक सारखा दुर्गुण म्हणजे पोट बिघडवणे. भूक मंदावते, लाळ गळते, उलटी होते, जुलाब होतात. हे प्रत्येक कुत्र्याला होते असे नाही, पण झाले तर त्यात आश्चर्य नाही.

असे का होते? कारणे दोन आणि दोन्ही वेगवेगळी.

पहिले कारण पोटातले. काही औषधे जठराच्या आतल्या अस्तराला सरळ चुरचुरतात. पोट रिकामे असले की औषध आणि अस्तर यांच्यामध्ये काहीच उरत नाही. मग गोळी गेल्यावर थोड्याच वेळात कुत्रे ओठ चाटू लागते, लाळ गाळते आणि पिवळा फेस ओकते. तो पिवळा रंग पित्ताचा. डॉक्सिसायक्लिनची हीच तऱ्हा आहे, म्हणून ती खाण्याबरोबर द्यायची असते. या औषधाचा आणखी एक धोका आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. कोरडी गोळी किंवा कॅप्सूल घशाखाली ढकलली आणि मागून पाणी वा घास दिला नाही, तर ती अन्ननलिकेतच चिकटून बसू शकते. तिथे ती विरघळली की अन्ननलिकेला जखम होते. मग कुत्रे घास गिळताना कळवळते आणि आपल्याला वाटते, नखरे करते आहे. मांजरांत हा त्रास जास्त दिसतो, पण कुत्री त्यातून सुटलेली नाहीत.

आणि दुधाचे काय? दुधातला कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला आणि एन्रोफ्लॉक्सासिनला धरून ठेवतो, त्यामुळे औषध रक्तात पुरते उतरत नाही. म्हणजे पोटाला त्रास होतो तो होतोच आणि रोगजंतूंवर मारा मात्र कमी पडतो. मावशी रोज सकाळी स्वतःच्या चहातले दूध काढून शेरूला देत होत्या. ते दूध औषधाच्या आड येत होते. दही, ताक, पनीर यांनाही हाच नियम लागू आहे. अमॉक्सिसिलीनला दुधाचे एवढे वावडे नाही. पण कोणते औषध कोणत्या जातीचे हे आपल्याला ठाऊक नसेल, तर गोळी दुधातून न दिलेलीच बरी.

मग द्यायची कशी? आधी कुत्र्याला थोडे खाऊ घाला, म्हणजे चार घास भात किंवा भाकरी. मग उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात, नाहीतर पोळीच्या मऊ गोळीत औषध लपवून द्या. आधी एक रिकामी गोळी, मग औषधाची, लगेच पुन्हा एक रिकामी, अशा क्रमाने भराभर दिल्या की लबाड कुत्रेही फसते. शेवटी पाणी पाजा, किंवा दोन घास आणखी द्या. रविवारच्या मटणाच्या रश्श्यात गोळी बुडवून देण्याची पद्धत काही घरांत पाहिली. ती सोडा. तिखट-मसाल्याने आधीच चिडलेले पोट आणखी चिडते आणि रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गोचीड तापाने आधीच रक्त उतरलेल्या कुत्र्याला ते किती महागात पडेल, याचा विचार करा. गोळीची पूड करून देऊ का, असेही पुष्कळजण विचारतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काही गोळ्या फोडल्या की इतक्या कडू लागतात की कुत्रे तोंडाला फेस आणते. मेट्रोनिडाझोलची गोळी नुसती चावली तरी लाळेच्या तारा लागतात. घरातले घाबरतात, पिसाळले की काय म्हणतात! ती कडवटपणाची लाळ असते, पाणी दिले की थोड्या वेळात थांबते.

दुसरे कारण आतड्यातले, आणि हे समजून घेण्यासारखे आहे. कुत्र्याच्या आतड्यात, आपल्याही आतड्यात, असंख्य जिवाणू राहतात. ते सगळे शत्रू नव्हेत. पचनाला हातभार लावणारे, आतड्याच्या अस्तराला पोसणारे आणि बाहेरून आलेल्या वाईट जंतूंना जागा न देणारे असे कितीतरी त्यांत असतात. अँटिबायोटिक गोचिडाचा जंतू कोणता आणि घरचा सोयरा कोणता, हे ओळखत नाही. सापडेल त्याला मारते. वस्तीतली कष्टाळू माणसे उठवून लावली की रिकाम्या खोल्यांत गुंड शिरतात, तसेच आतड्यात होते. मग शी पातळ होते, तिला चिकटपणा येतो, कधी वास बदलतो. हा त्रास बहुधा पहिल्या गोळीला दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी कुत्र्यांना चौदा दिवस मेट्रोनिडाझोल देऊन त्यांची विष्ठा तपासली. औषध बंद करून चार आठवडे झाले तरी आतड्यातली जिवाणूंची घडी पूर्णपणे पूर्ववत बसलेली नव्हती.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की अँटिबायोटिक वाईट. गोचीड तापात तेच औषध जीव वाचवते. एर्लिकिया नावाचा तो जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत लपून बसतो. वरवर ताप उतरला, कुत्रे शेपटी हलवू लागले, तरी तो आत शिल्लक असतो. म्हणून तर अठ्ठावीस दिवस. शेरूने आठवड्याच्या आत गोळी सोडली आणि त्या जंतूला फिरून डोके वर काढायला वाव मिळाला.

तेव्हा उलटी झाली म्हणून गोळी फेकायची नाही, हे ठरले. पण मग कुत्र्याला ओकत ठेवायचे का? मुळीच नाही. ओकारी दिसली की डॉक्टरांना कळवायचे. हा मधला रस्ता आपण विसरतो. आपण एकतर मुकाट्याने सोसतो, नाहीतर मुकाट्याने बंद करतो. डॉक्टरांच्या हाती पुष्कळ उपाय असतात. वेळ बदलता येते, दिवसाची मात्रा दोनदा वाटून देता येते, उलटी थांबवणारे औषध देता येते, अगदीच सोसेना तर अँटिबायोटिकच बदलता येते. शेरूला दुसऱ्या वेळीही तेच डॉक्सिसायक्लिन दिले. फक्त सकाळ-संध्याकाळ वाटून, जेवण झाल्यावर, आणि पहिले चार दिवस सोबत उलटीची गोळी. त्यानंतर तो एकदाच ओकला, तेही कचऱ्यातले काहीतरी खाऊन आला होता म्हणून.

गोळी दिल्यावर लगेच उलटी झाली तर ओकलेल्यात गोळी आहे का ते पाहा. किळस वाटली तरी पाहा. अख्खी गोळी बाहेर पडलेली दिसली तर तसे डॉक्टरांना सांगा आणि ते म्हणतील तसे करा. आपल्या मनाने दुसरी गोळी देऊ नका.

एक-दोनदा पातळ शी झाली, पण कुत्रे खाते-पिते, पोरांच्या मागे धावते, तर घाबरण्याचे कारण नाही. भात मऊ शिजवा, गिचका म्हणावा इतका. त्यात उकडलेली कोंबडी, हाडे आणि कातडी काढलेली, किंवा उकडलेले अंडे कुस्करा. मीठ-मसाला नको, तेल नको. एकदम थाळीभर न देता दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्या. भाताची पेज चालते. शिजवलेला लाल भोपळा थोडा घातला तरी बरे. पाणी सतत पुढे असू द्या. शी घट्ट झाली की दोन-तीन दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा. जुलाब लागलेल्या जनावराला उपाशी ठेवावे असे जुनी माणसे सांगतात. पिल्लाच्या बाबतीत हे कधीही करू नये, उपाशी पिल्लू काही तासांत गळून जाते.

दह्याचा प्रश्न उरतोच. आपल्याकडे पोट बिघडले की दहीभात. कुत्र्याला चमचा-दोन चमचे ताजे दही बहुधा पचते, काहींना पचत नाही. पण गोळीच्या वेळेपासून दोन-तीन तास लांब ठेवा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या चांगल्या जिवाणूंच्या पुड्यांनाही हाच नियम, नाहीतर पुडीतले जिवाणू त्याच गोळीने मरतात. त्यातल्या काहींत जिवाणूंऐवजी यीस्ट असते, त्यावर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. या पुड्यांनी काही कुत्र्यांचा त्रास कमी होतो. पण त्या महाग आहेत, आणि पैसे मोजकेच असतील तर ते आधी मूळ औषधाचा कोर्स पुरा करायला ठेवा, असे माझे मत आहे.

आता धोक्याच्या खुणा. यातली एकही दिसली तर उद्याची वाट पाहू नका. दिवसात तीन-चार वेळा उलटी झाली, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, शीतून रक्त पडते किंवा शी डांबरासारखी काळी होते, कुत्रे उठत नाही, हिरड्या पांढऱ्या किंवा चिकट-कोरड्या आहेत, तर लगेच दवाखाना. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा, तो गुलाबी हवा. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच खाली बसली तर ठीक, उभी राहिली तर अंगातले पाणी आटले आहे. अँटिबायोटिक दिल्याबरोबर तोंड सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर ती पोटाची बाब नव्हे. ती ॲलर्जी, तिला क्षणाचाही उशीर नको. मेट्रोनिडाझोल चालू असताना कुत्रे झोकांड्या खाऊ लागले किंवा मान एका बाजूला कलू लागली, तर औषध मेंदूला बाधते आहे असे समजून पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावे.

आणि लस न टोचलेले लहान पिल्लू ओकते आहे, रक्ताचे जुलाब होत आहेत, तर "गोळीने झाले असेल" असे म्हणून बसूच नका. तो पार्व्हो असू शकतो, आणि पार्व्होत एकेक तास मोलाचा असतो.

इथे थोडे थांबून उलट बाजूही सांगायला हवी. पुष्कळ वेळा अँटिबायोटिकची गरजच नसते. कुत्र्याला दोन जुलाब झाले की मेडिकलवरून मेट्रोनिडाझोलची पट्टी आणायची, हा सर्रास प्रकार झाला आहे. काही दवाखान्यांतही सवयीने तेच लिहून देतात. कुत्र्याचे साधे जुलाब बहुतेक वेळा कचऱ्यातले खाल्ल्याने, जंतांनी किंवा खाण्यातल्या बदलाने होतात आणि काही दिवसांत आपोआप थांबतात. २०२४ साली युरोपातल्या पशुवैद्यक तज्ज्ञांनी कुत्र्यांच्या अशा अचानक लागलेल्या जुलाबांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सौम्य आणि मध्यम जुलाबांत अँटिबायोटिक देऊ नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे जुलाब थांबवायला जे औषध आपण पैसे मोजून आणतो, तेच पोटातली घडी आणखी विस्कटते.

माणसांच्या उरलेल्या गोळ्या कुत्र्याला घालू नका, हे तर सांगायलाच हवे. कुत्र्याची मात्रा त्याच्या वजनावर ठरते. वजन माहीत नसेल तर भंगारवाल्याच्या किंवा धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर आधी आपण एकटे उभे राहावे, मग कुत्रे उचलून घेऊन, आणि फरक काढावा. पोरांना गणिताचा धडाही मिळतो. वाढत्या पिल्लाला एन्रोफ्लॉक्सासिनने सांध्यांची कूर्चा बिघडू शकते, म्हणून मोठ्या कुत्र्याची उरलेली पट्टी पिल्लाला चालत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे ताप आहे म्हणून अंगदुखीची गोळी देणे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडून आतून रक्त जाऊ शकते. अँटिबायोटिकसोबत कोणी अशी गोळी दिली असेल तर उलटीचा दोष अँटिबायोटिकवर ढकलला जातो आणि खरा गुन्हेगार सुटतो. डॉक्टरांकडे गेल्यावर हे लपवू नका. रागावतील, पण कुत्रे वाचेल.

या खऱ्या-खोट्या गुन्हेगाराच्या गोष्टीवरून कुक्कुर जातक आठवते. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामड्याचे पट्टे रात्री कुत्र्यांनी खाल्ले. राजाने राजवाड्यातली कुत्री सोडून शहरातली सगळी कुत्री मारण्याचा हुकूम दिला. बोधिसत्त्व त्या जन्मी स्मशानातल्या कुत्र्यांचे पुढारी होते. ते राजापुढे गेले आणि म्हणाले, आधी चौकशी करा. राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कुटून पाजायला लावला. त्यांनी ओकले आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले. गरिबांची कुत्री निर्दोष ठरली. विहारात मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. फक्त एक खबरदारी घ्यावी, की घरी कुत्र्याला ताक-गवत किंवा मिठाचे पाणी पाजून ओकवण्याचा प्रयोग कोणी करू नये. मिठाच्या पाण्याने कुत्री दगावतात.

दवाखान्यात गेल्यावर काय विचारायचे, हे मी मावशींना बोटांवर मोजून शिकवले आणि त्यांनी ते पाठ केले. औषधाचे नाव काय? जेवणाआधी की नंतर? दुधाबरोबर चालेल का? किती दिवस? ओकला तर काय करू? "आणि साहेब, हे मराठीत लिहून द्या," ही शेवटची मागणी. तुम्ही अडाणी ठराल अशी भीती बाळगू नका. पैसे तुम्ही मोजता, निदान सरकारी दवाखाना तुमच्या कराच्या पैशावर चालतो. मुंबईत परळचा बैलघोडा दवाखाना, म्हणजे बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ, जुन्या माणसांना ठाऊक आहेच. परळलाच १८८६ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूरलाही आहे. खेड्यात तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या गावांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. लोक त्यांना गुरांचा दवाखाना म्हणतात, पण कुत्र्यालाही तिथे नेता येते.

मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी ओट्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या, सकाळची एक, संध्याकाळची एक. मधे एक दिवस पोरांनी चुकून दोन रेघा जास्त ओढल्या आणि मग गोळ्या मोजून भांडण मिटवावे लागले. कोर्स संपल्यावर रक्त पुन्हा तपासले.

जुलाबाची शी उचलताना हाताला पिशवी बांधावी, जागा फिनेलने धुवावी आणि वाळेपर्यंत कुत्र्याला तिथे फिरकू देऊ नये. पोरांचे हात साबणाने धुवायला लावावेत. अँटिबायोटिक घेणाऱ्या जनावराच्या विष्ठेत औषधाला न जुमानणारे जंतू असू शकतात आणि आपल्या खोल्यांत अंगण म्हणजेच स्वयंपाकघराचा उंबरा. उरलेल्या गोळ्या गटारात टाकू नयेत, पुढच्या वेळेसाठी डब्यात जपूनही ठेवू नयेत. डॉक्टरांना विचारून परत कराव्यात.

राहता राहिली गोचीड. ती कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली लपते. आठवड्यातून एकदा तिथे बोट फिरवून पाहावे. सापडली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी, नखाने चिरडू नये, रॉकेल लावू नये. गोचीड मारण्याचे औषध किती आणि कधी लावायचे ते डॉक्टरांना विचारावे. ओट्याच्या आणि भिंतीच्या फटीही बुजवाव्यात, कारण गोचीड अंडी कुत्र्याच्या अंगावर घालत नाही, ती फटीत घालते. शेरूच्या ओट्याच्या फटी पोरांनी सिमेंटने लिंपल्या आहेत. सिमेंट कुठून आणले, ते मी विचारले नाही.